शहराचं रूप कोण ठरवतं: इमारतीची शैली की प्लॉटची रेघ?

पीएच.डी.च्या तयारीत असलेल्या विद्यार्थ्यांची प्रपोजल्स वाचायला मिळाली की त्यात एक वाक्य हमखास भेटतं: नव्या विकासामुळे शहराची ओळख पुसली जात आहे. वाक्य खोटं नाही. पण मुलाखतीला बसलात की पॅनेलमधलं कुणीतरी शांतपणे विचारणार, "ओळख म्हणजे काय? ती नेमकी कुठे असते? किती पुसली गेली हे तुम्ही कशावरून सांगणार?" इथे बहुतेकांचं उत्तर शैलीकडे वळतं. अमुक ठिकाणी गॉथिक होतं, तमुक ठिकाणी आर्ट डेको होतं, आता सगळीकडे काचेचे डबे आले. उत्तर ऐकायला बरं वाटतं, पण त्यातून संशोधनाचा प्रश्न तयार होत नाही. का होत नाही, ते मुंबईच्या उदाहरणाने बघू.

ओव्हल मैदानावर उभे राहा. पूर्वेला उच्च न्यायालय आणि विद्यापीठाचा राजाबाई टॉवर, दोन्ही 1878 मध्ये पूर्ण झालेले, टोकदार कमानींचे आणि दगडी. पश्चिमेला 1930च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती: गोलसर बाल्कन्या, आडवे रंगीत पट्टे, आर.सी.सी.चं बांधकाम. मध्ये जवळपास पन्नास-साठ वर्षांचं अंतर. शैली म्हणून बघितलं तर एकीचा दुसरीशी काडीचा संबंध नाही. तरीही 2018 मध्ये युनेस्कोने या दोन्ही रांगांना मिळून एकच जागतिक वारसास्थळ मानलं, आणि तिथून चालणाऱ्या कुठल्याही मुंबईकराला ती एकच जागा वाटते. मला विचाराल तर ती एक वाटते ती मधल्या मैदानामुळे, आणि दोन्ही बाजूंच्या इमारतींनी आपापली रेघ धरून ठेवल्यामुळे. पश्चिमेच्या रांगेतली एखादी इमारत चाळीस मजली झाली, तर ती कितीही सुंदर डेको शैलीत बांधा, जागा बिघडेल. म्हणजे शैली हा एक थर झाला. त्याच्याखाली आणखी काहीतरी आहे.

या 'खाली'चा विचार कसा करायचा, याची चांगली चौकट एम. आर. जी. कॉनझेन या भूगोलतज्ज्ञाने दिली. 1960 मध्ये त्याचा अल्निक या इंग्लंडमधल्या छोट्या गावाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याने गावाची रचना तीन भागांत पाहिली: आराखडा, म्हणजे रस्ते, प्लॉट आणि प्लॉटवर इमारतीने व्यापलेली जागा, मग इमारती, आणि मग जमिनीचा वापर. कळीचा मुद्दा असा की हे भाग एकाच वेगाने बदलत नाहीत. वापर पटकन बदलतो, काल दवाखाना होता तिथे आज मोबाइलचं दुकान. इमारत त्याहून हळू बदलते. प्लॉटच्या रेघा आणि रस्ते मात्र शतकानुशतकं टिकतात. शहरी आकृतिशास्त्र या विषयात तुम्ही पुढे जाणार असाल, तर ही चौकट पाठ नाही, पण अंगात मुरलेली हवी.

आता दादर-माटुंग्याला चला. हिंदू कॉलनी, पारसी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स हा भाग आज 'जुनी मुंबई' म्हणून हळहळीने सांगितला जातो. पण तो एके काळचा 'नवा विकास'च होता, हे विसरू नका. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. त्यानंतर 1898 मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या मोकळ्या करायच्या आणि उत्तरेला नव्या वस्त्या वसवायच्या, हे त्याचं काम. प्लेग अंधाऱ्या, कोंदट खोल्यांमुळे पसरतो अशी तेव्हाची समजूत. (पिसवा आणि उंदरांचा संबंध त्याच सुमारास पुढे येत होता, पण नगररचनेच्या डोक्यात हवा-उजेडच बसला होता. अपुऱ्या विज्ञानातून बऱ्यापैकी चांगली वस्ती निघाली, असंही कधी कधी होतं.)

ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी उजेडासाठी एक नियम लावून धरला. तो साडेत्रेसष्ट अंशांचा नियम म्हणून ओळखला जातो. कल्पना सोपी आहे. तळमजल्याच्या भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत एक रेघ ओढा. त्या रेघेचा जमिनीशी होणारा कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त नको. शाळेतली त्रिकोणमिती आठवत असेल तर या कोनाचा टॅन्जेन्ट 2 येतो. म्हणजे समोरची इमारत 12 मीटर उंच असेल तर मध्ये किमान 6 मीटर मोकळी जागा हवी. कोन 45 अंशांचा धरला असता तर 12 मीटर लागली असती. जमिनीच्या भावाशी केलेली ही तडजोड आहे, हे उघड आहे.

या नियमात शैलीबद्दल एक अक्षर नाही. पण माटुंग्याच्या गल्लीत तुम्हाला जे 'वातावरण' जाणवतं, त्यातला मोठा वाटा या कोनाचा, ट्रस्टने आखलेल्या प्लॉटचा आणि रस्त्यापासून सोडायच्या अंतराचा आहे. दुपारचं ऊन जिन्यापर्यंत येतं. समोरच्या बाल्कनीतली काकू ओळखू येते. झाडाला वाढायला जागा मिळते. त्यावर मग 1930-40 मध्ये डेकोची नक्षी चढली: उगवत्या सूर्याची ग्रिल, गोल कोपरे, दारावर कोरलेलं इमारतीचं नाव. या इमारतींमध्ये घरातच संडास-मोरी असलेला 'सेल्फ-कंटेन्ड ब्लॉक' आला आणि चाळीतून निघालेल्या मध्यमवर्गाची राहणीच बदलली. हा इतिहास नीट वाचायचा असेल तर निखिल राव यांचं 'हाउस, बट नो गार्डन' (2013) हातात घ्या.

मग बिघडलं कुठे? इथे खलनायक शोधायची घाई करू नका, थोडं गणित करा.

1960च्या दशकात मुंबईच्या नियोजनात एफएसआय, म्हणजे चटई क्षेत्र निर्देशांक आला. प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येईल, एवढंच तो सांगतो. तो फक्त बेरीज सांगतो, आकार सांगत नाही. समजा प्लॉट 600 चौरस मीटरचा आहे. बेट-शहरात बराच काळ असलेल्या 1.33 या एफएसआयने साधारण 800 चौरस मीटर बांधकाम होतं. प्लॉटचा एक तृतीयांश भाग, म्हणजे 200 चौरस मीटर व्यापला, तर चार मजले. 3 मीटरचा मजला धरला तर उंची 12 मीटर. साडेत्रेसष्ट अंश सहज जमतात.

आता जुन्या उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासाचा नियम 33(7) घ्या. तिथे एफएसआय 3 मिळतो, आणि 2012 पासून मुंबईत 35 टक्के फंजिबल एफएसआयची सोय झाली. म्हणजे 1800, अधिक 630, एकूण 2430 चौरस मीटर. त्याच 200 च्या ठशावर बारा मजले. शिवाय गाड्या. पार्किंगचे मजले एफएसआयमध्ये मोजले जात नाहीत, म्हणून समजा चार मजले खाली पोडियमचे. झाले सोळा मजले, 48 मीटर. ऑरच्या नियमाने आता दोन इमारतींमध्ये 24 मीटर हवेत. पण 600 चौरस मीटरचा प्लॉटच मुळात 20 बाय 30 मीटरचा! 24 मीटर आणायचे कुठून? त्यामुळे मोकळ्या जागेत सवलत दिली जाते, प्रीमियम भरून घेतलं जातं, आणि अग्निशमन दलाची गाडी फिरेल एवढी जागा हाच काय तो निकष उरतो.

पोडियमकडे विशेष लक्ष द्या, कारण माझ्या मते शैलीपेक्षा कितीतरी जास्त फरक इथे पडतो. यान गेल हा डॅनिश वास्तुकार सांगतो की साधारण पाचव्या मजल्यापर्यंत माणसाचा रस्त्याशी संबंध राहतो. हाक मारता येते, चेहरा कळतो. त्यापुढे तो तुटतो. आपल्या हिशोबातल्या इमारतीत पहिली बाल्कनी सुरूच होते पाचव्या मजल्यावर. खाली रस्त्याच्या बाजूला जाळ्या, एक्झॉस्ट आणि गेट. अशा इमारतीला तुम्ही वर कितीही गोल बाल्कन्या काढा, आणि हल्ली 'डेको लूक' देण्याची हौस बरीच दिसते, गल्लीतून चालणाऱ्याला भिंतच दिसणार.

तरीही एका प्लॉटवर एक इमारत पाडून दुसरी उभी राहिली, तर कॉनझेनच्या भाषेत वरचा थर बदलला. प्लॉटची रेघ शाबूत आहे. खरा खोल बदल समूह पुनर्विकासात, म्हणजे 33(9) खाली होतो. तिथे प्लॉट एकत्र केले जातात. भेंडी बाजारचा प्रकल्प घ्या: साडेसोळा एकर, सुमारे 250 जुन्या इमारती, त्यांच्या जागी मोजके उंच टॉवर आणि नव्याने आखलेले रस्ते. इथे सर्वात हळू बदलणारा थर एका पिढीत बदलला. दोन प्रकारच्या बदलांना एकच 'विकास' म्हणणारं प्रपोजल पॅनेलसमोर टिकत नाही, ते यामुळे.

आता दुसरी बाजू, आणि ही सोडलीत तर तुमचा अभ्यास म्हणजे नुसतं स्मरणरंजन होईल. 1947च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी 1 सप्टेंबर 1940च्या पातळीवर गोठवली. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला घर सोडवेना. इमारती पोखरत गेल्या. 1969 मध्ये उपकर लावून दुरुस्ती मंडळ काढावं लागलं. बीडीडी चाळीतल्या खोलीचा आकार 160 चौरस फूट, संडास सामायिक. पुनर्विकासात त्या कुटुंबाला 500 चौरस फुटांचं स्वतःचं घर मिळणार आहे. त्या घरातल्या बाईला जाऊन चाळीच्या व्हरांड्याचं 'कॅरेक्टर' समजावून सांगा बघू! रात्री दोन वाजता संडासला जाताना तिला त्या व्हरांड्याबद्दल काय वाटायचं, हेही विचारा. म्हणून 'शहराची ओळख' हा शब्द वापरलात की पुढचा शब्द 'कुणासाठी' हाच यायला हवा.

हे विचारायची पद्धतही उपलब्ध आहे. केव्हिन लिंचचं 'द इमेज ऑफ द सिटी' हे पुस्तकही 1960चंच. बॉस्टन, जर्सी सिटी आणि लॉस एंजेलिसच्या रहिवाशांना त्याने आपापल्या शहराचे नकाशे काढायला लावले. तुम्ही एकाच गल्लीत जुना भाडेकरू, टॉवरमध्ये नव्याने आलेला मालक, वॉचमन आणि कोपऱ्यावरची भाजीवाली या चौघांकडून नकाशे काढून घ्या. कुणाच्या नकाशात काय येतं आणि काय गळतं, हा तुमचा डेटा. (संमती लेखी घ्या. आणि कागद मोठा न्या, लोक गल्लीच्या बाहेर जातात.)

मोजायचं काय? दर 100 मीटरला रस्त्यावर उघडणारी दारं किती, कंपाउंडची भिंत किती उंच, पहिली राहती खिडकी कितव्या मजल्यावर, समोरच्या इमारतीशी होणारा कोन किती. शेवटचं तर मोबाइलमधल्या क्लिनोमीटर अ‍ॅपनेही कामापुरतं होतं. मात्र तुलना करताना सांभाळा. पुनर्विकासाला गेलेल्या इमारती आधीच जास्त मोडकळीला आलेल्या असू शकतात, किंवा त्यांचा प्लॉट बिल्डरला फायद्याचा असू शकतो. 'जुनी चांगली विरुद्ध नवी वाईट' असा निष्कर्ष त्या निवडीतूनच आलेला असेल. शक्य असेल तर त्याच योजनेतल्या, त्याच रुंदीच्या दोन गल्ल्या घ्या: एकीत प्लॉट जसेच्या तसे, दुसरीत एकत्र केलेले.

कागदपत्रांसाठी फार हिंडावं लागत नाही. प्लॉटची रेघ आणि मालकी मिळकत पत्रिकेत सापडते. मे 2017 नंतरच्या बहुतेक मोठ्या प्रकल्पांचे मजले आणि मंजुरीची कागदपत्रं महारेराच्या संकेतस्थळावर दिसतात. ट्रस्टच्या काळातल्या सरकारी कागदांसाठी एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं राज्य पुराभिलेखागार आहे; तिथे पहिल्या दिवशी काही मिळेल अशी अपेक्षा ठेवू नका, सूची बघण्यातच दोन दिवस जातात.

आणि एक काम मात्र प्रपोजल मंजूर व्हायची वाट न बघता सुरू करा. निवडलेल्या गल्लीतल्या प्रत्येक इमारतीच्या तळमजल्याचा समोरून फोटो घ्या, तारीख आणि मिळकत क्रमांकासकट. दार, पायरी, कंपाउंड, झाडाचं खोड, जिन्याचं तोंड. छपराचे आणि बाल्कन्यांचे फोटो लोकांनी पुष्कळ काढून ठेवलेत; तळमजल्याचे फारसे कुणी काढत नाही. एकदा इमारतीभोवती पत्रे लागले की ती मापं परत घेता येत नाहीत.