बँडची मुद्रा

आमच्या जासईच्या पोरांनी पॉप-पंक बँड काढला. धांगडधिंगा खरा, पण चाल गुणगुणता येणारी. बोधचिन्हाचे काम माझ्या गळ्यात पडले.

बोधचिन्ह ढोलावर लांबून वाचता यावे आणि तिकिटाएवढे लहान झाले तरी बुजू नये. रंग एकच बरा, कारण स्क्रीन प्रिंटिंगला दर रंगाची जाळी वेगळी आणि खर्चही वेगळा. खरी पंचाईत शिरोरेषेची. रोमन अक्षरे सुटी उभी राहतात, आपली एका दांडीला लटकलेली. दांडी तोडली की वेग येतो, पण शब्द विस्कटतो. कमल शेडगे यांची नाटकांची शीर्षके पाहावीत, तेथे अक्षरच आशय बोलते.

एकाला रोलिंग स्टोन्ससारखी जीभ हवी होती. ती जॉन पाशने कालीमातेचे चित्र पाहूनच रेखाटलेली! दुसरा म्हणाला, १९८४ च्या शेतकरी आंदोलनातील पाच हुतात्म्यांच्या पाच रेघा काढ. मी साफ नाही म्हटले. विकायच्या बनियनवर हुतात्मे कशाला?

अखेर बोथट कुंचल्याने ‘जासई’ लिहिले, दांडी फक्त एकाच जागी तोडली आणि ‘ई’च्या तुऱ्याची झांज केली. पाच रेघांवरून एकजण अजून रुसलेला आहे.