रस्ता पुढे कुठे निघतो?

मारुती गल्लीत गर्दी झाली की आपण गणपत गल्लीकडे वळतो. तिथेही अडले तर रामदेव गल्ली आहेच. बेळगावचे जुने रस्ते अरुंद आहेत हे सगळेच म्हणतात. ते एकमेकांना मिळतात, हा त्यांचा गुण मात्र कुणी बोलून दाखवत नाही. टिळकवाडीच्या पेठाही तशाच. एक रस्ता खणून ठेवला तरी शेजारच्या रस्त्याने जाता येते.

नव्या वसाहतींत तसे का होत नाही? शहराच्या कडेची जमीन सर्व्हे नंबराच्या तुकड्यांनी विकली जाते. दोन-तीन एकर शेत बिनशेती होते, लेआऊट मंजूर होतो आणि आतले रस्ते तेवढ्या तुकड्यापुरतेच आखले जातात. बांध संपला की रस्ता संपला. शेजारच्या शेताचा लेआऊट पुढे काही वर्षांनी येतो. तोवर इकडे कंपाउंड उभे राहिलेले असते. मग पाठीला पाठ लावलेल्या दोन घरांत अंतर पन्नास फुटांचे, पण जायचे तर मुख्य रस्त्यावरून वळसा. गृहकर्जाच्या कागदांत प्लॉटपर्यंतचा रस्ता तपासतात. तो पुढे कुठे निघतो, हे कुणी विचारत नाही.

एवढा वळसा कोण चालणार? दुधालाही स्कूटर निघते आणि साऱ्या वसाहतींच्या गाड्या एकाच रस्त्यावर येतात. रेल्वेगेट पडले की काय होते, हे टिळकवाडीकरांना सांगायला नको. रूळ हलवता येत नाहीत, म्हणून कपिलेश्वरला आणि गोगटे सर्कलला पूल बांधावे लागले. लेआऊटच्या भिंती मात्र आपल्याच हातच्या.

हे फक्त आपल्याकडचे नाही. बॅरिंग्टन-ली आणि मिलर्ड-बॉल या संशोधकांनी 2020 मध्ये जगभरच्या रस्त्यांचे नकाशे तपासून दाखवले, की अनेक देशांत नव्या वस्त्यांचे रस्ते पूर्वीपेक्षा तुटक होत आहेत. घर पाडून पुन्हा बांधता येते; रस्त्याची आखणी एकदा पडली की पिढ्यान्‌पिढ्या तीच राहते.

हलगा-मच्छे बायपासला शेतकऱ्यांनी विरोध केला तो सुपीक जमिनीसाठी, आणि ती जमीन राहावी असेच आम्हालाही वाटते. पण जिथे बिनशेती होणारच आहे, तिथे बुडाने जोडरस्ते आधी नकाशावर आखावेत, लेआऊटचा रस्ता शेजारच्या हद्दीपर्यंत न्यायला लावावा आणि त्या टोकाला भिंत बांधू देऊ नये.