अर्थिंगच्या तारेवरचा लोखंडी पाईप

पळसदरीच्या शेजारी खोपोली. तिथल्या टाटांच्या केंद्रातून १९१५ पासून मुंबईला वीज जाते. म्हणजे आपल्या भागाला वीज काही नवी नाही. तरी अर्थिंगकडे आपण फारसं बघत नाही.

आज शाळेच्या मागच्या भिंतीकडे जरा बघा. छतावरच्या वीजरोधकाची तार जमिनीत उतरते, तिथे बऱ्याचदा खाली लोखंडी पाईप घातलेला असतो. चेंडू, फावडं, गुरं यांचा धक्का तारेला लागू नये म्हणून. हेतू चांगलाच आहे. पण तार नुसती पाईपात ओवून सोडली, तर तोच पाईप अडथळा होतो.

कसा? खिळ्याला तार गुंडाळून सेल जोडला की टाचण्या चिकटतात, हा प्रयोग आपण वर्गात करतोच. तारेतून वीज वाहिली की भोवतालचं लोखंड चुंबक बनतं. तारेभोवती लोखंडी पाईप असला की तेच होतं, आणि हे चुंबकत्व विजेच्या अचानक बदलाला विरोध करतं. जुन्या ट्यूबलाईटचा चोक याच तत्त्वावर चालतो. मग घरातल्या वायरिंगच्या लोखंडी पाईपात असं का होत नाही? कारण तिथे फेज आणि न्यूट्रल एकत्र असतात. दोघांचे प्रवाह उलट दिशेचे, त्यामुळे परिणाम एकमेकांना मारतो. अर्थिंगची तार मात्र एकटी असते.

घरातल्या साध्या बिघाडात हा अडथळा थोडाच. पण आकाशातली वीज क्षणात प्रचंड प्रवाह सोडते. तेव्हा मीठ-कोळशाचा खड्डा उत्तम असूनही वीज जमिनीत सहज उतरत नाही, तारेवरून पाईपावर किंवा जवळच्या वस्तूवर उडी मारू शकते.

उपाय साधा आहे. पाईपाच्या वरच्या आणि खालच्या, दोन्ही टोकांना क्लॅम्प लावून पाईप तारेला जोडायचा. मग पाईप स्वतःच विजेची वाट होतो. एकाच टोकाला जोडून भागत नाही. माझ्या मते चूक होते ती इथेच. क्लॅम्पखालचा रंग खरवडलेला हवा, नाहीतर धातूला धातू लागतच नाही. आपल्याकडच्या पावसात क्लॅम्प गंजतात, म्हणून मे महिन्यात परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्या. स्वतः हात घालू नका. नवीन काम असेल तर पीव्हीसी पाईप सांगा, तो चुंबक होत नाही.

आणि क्लॅम्प असो वा नसो, ढग गडगडत असताना मुलांना त्या पाईपाजवळ उभं राहू देऊ नका.