प्रबंधाच्या रात्री आणि वैमानिकाची झोप

परवा एक आजी दवाखान्यात आल्या. गोळ्या वेळेवर चालू, तरी रक्तदाब वाढलेला. खोदून विचारले तेव्हा कारण कळले. नातू अमेरिकेत प्रवासी विमानावर वैमानिक आहे आणि नोकरी सांभाळून विमान वाहतुकीत पीएच.डी. करतो आहे. "परीक्षा झाल्या डॉक्टर, आता नुसता प्रबंध राहिलाय. पण रात्र रात्र जागतो हो!"

हा 'नुसता प्रबंध'च माणसाला दमवतो. फ्लोरिडातील एम्ब्री-रिडल विद्यापीठात २०१० पासून ही पीएच.डी. करता येते. नोकरी करणाऱ्यांना बराचसा अभ्यास घरूनच करता येतो. परीक्षा असतात तोवर तारखा ठरलेल्या असतात, सोबतीही असतात. पुढे आराखडा समितीकडून मंजूर करून घ्यायचा, माहिती जमवायची, लिहायचे आणि शेवटी समितीच्या प्रश्नांना तोंड द्यायचे. लिहिलेले प्रकरण दुरुस्तीसाठी परत येते. वेळापत्रक आपले आपणच आखायचे. मग पहिली कात्री लागते ती झोपेला.

१९९७ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी दाखवून दिले, की सलग १७ तास जागलेल्या माणसाची चपळाई रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असल्यासारखी घसरते. अमेरिकेत २०१४ पासून प्रवासी विमानांच्या वैमानिकांना कामाआधी १० तास विश्रांती सक्तीची आहे, त्यात ८ तास सलग झोपेची सवड हवी. पण कायदा सवड देतो, झोप ज्याची त्यानेच घ्यायची. त्या वेळात प्रबंध लिहिला तर नियम कागदावर पाळला जातो, शरीर मात्र फसत नाही.

म्हणून आजींजवळ नातवासाठी चार गोष्टी लिहून दिल्या. उड्डाणाच्या आदल्या रात्री प्रबंधाला हात लावू नये. सुट्टीच्या दिवशी ठरावीक दोन तासच लिहावे. संध्याकाळनंतर कॉफी टाळावी. मार्गदर्शकाशी आठवड्यातून एकदा तरी बोलावे. झोप उडणे, चिडचिड, अन्नावरची वासना जाणे, उदासपणा हे दोन आठवडे टिकले तर डॉक्टरांना भेटावे. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. वैमानिकाने तर मुळीच नाहीत.

आपल्या गावातही नोकरी करून प्रबंध लिहिणारे शिक्षक-प्राध्यापक आहेत. त्यांनाही हेच लागू आहे. घरच्यांनी "कधी संपणार?" असे रोज विचारू नये. "झोपलास का?" एवढे विचारावे.

आजींनाही तेच सांगितले. फोन मात्र त्याच्या झोपेची वेळ सोडून करा, म्हटले!