सरकारला ‘नाही’ म्हणणारा वकील

आणीबाणीतली गोष्ट. ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली विनाचौकशी डांबलेल्या माणसाला हेबियस कॉर्पसची, म्हणजे बेकायदा अटकेविरुद्धची, दाद मागता येते का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे होता. नऊ उच्च न्यायालयांनी ‘येते’ असा कौल दिला होता. सरकारतर्फे उभे होते देशाचे ॲटर्नी जनरल निरेन डे. न्या. हंसराज खन्ना यांनी त्यांना अडवले. कलम २१ मध्ये स्वातंत्र्याबरोबर जीविताचाही उल्लेख आहे. उद्या एखाद्या पोलिस अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला, तर इलाज काय? डे यांचे उत्तर असे, की त्यांचा युक्तिवाद मानला तर आणीबाणी असेपर्यंत कोर्टात इलाज नाही.

२८ एप्रिल १९७६ रोजी पाचपैकी चार न्यायमूर्तींनी हा युक्तिवाद मान्य केला. त्या चौघांत पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. बंदीवानांच्या बाजूने लढणाऱ्यांत सासवडचे वि. म. तारकुंडे होते. खन्ना एकटे विरोधात राहिले. हा निकाल पुसायला २०१७ साल उजाडावे लागले आणि तेव्हाचे मुख्य निकालपत्र लिहिले यशवंतरावांचेच चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड यांनी.

न्यायमूर्तींच्या चुकीवर आपण पुष्कळ बोललो. त्या दिवशी समोर उभ्या असलेल्या वकिलाचे कर्तव्य नेमके काय होते, यावर मात्र फारसे बोललो नाही.

घटनेच्या कलम ७६ नुसार ॲटर्नी जनरलची नेमणूक राष्ट्रपती करतात. सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्याची पात्रता असलेलीच व्यक्ती या पदावर येऊ शकते. देशातल्या कोणत्याही न्यायालयात उभे राहण्याचा त्यांना हक्क आहे. कलम ८८ प्रमाणे संसदेच्या दोन्ही सभागृहांत बोलताही येते, मतदान मात्र करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या फौजदारी अवमानाचा खटला खासगी व्यक्तीला भरायचा असेल, तर त्यांची किंवा सॉलिसिटर जनरलची संमती लागते. राज्यात असेच पद महाधिवक्त्याचे, कलम १६५ खाली. मात्र न्यायाधीशाला मिळते तसे मुदतीचे संरक्षण यांपैकी कुणालाच नाही. राष्ट्रपतींची किंवा राज्यपालांची मर्जी असेपर्यंतच पद. आणि ही मर्जी प्रत्यक्षात मंत्रिमंडळाची असते, हे कुणी सांगायला नको.

म्हणजे ज्याने खुर्ची दिली, त्यालाच कायदेशीर सल्ला देताना ‘हे बेकायदा आहे’ असे सांगायचे. हे जमते का? जमते. त्याचा दाखला मुंबईनेच पाहिला आहे.

१९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटींचे शेअर घेतले. फिरोझ गांधींनी लोकसभेत प्रकरण लावून धरले आणि मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला. सुनावणी मुंबईत, सर्वांसमक्ष झाली. आयोगाला साहाय्य करायला उभे राहिले पहिले ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड. पूर्वी ते मुंबई प्रांताचे महाधिवक्ता होते. ज्या सरकारचे ते सल्लागार, त्याच सरकारच्या अर्थखात्याचा व्यवहार त्यांनी जाहीरपणे तपासला. खुद्द मंत्र्यांनाही साक्ष चुकली नाही. छागलांनी जबाबदारी मंत्र्यावर ठेवली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी पायउतार झाले. सेटलवाड यांचे पद? ते १९६३ पर्यंत कायम राहिले. पंतप्रधान नेहरूंच्या पदरी हे श्रेय घालायलाच हवे.

सेटलवाड सरकारविरोधी होते, असे कुणी समजू नये. दादरा-नगर हवेलीला जाणारी वाट पोर्तुगालने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात मागितली, तेव्हा भारताची बाजू लढवणाऱ्यांत तेच होते. १९५४ चा तो मुक्तिसंग्राम, त्यात उतरलेले सुधीर फडके हे मराठी माणसाला ठाऊक आहेच. १२ एप्रिल १९६० च्या निकालात पोर्तुगालला सैन्य नेण्याचा हक्क नाकारला गेला आणि वाट अडवण्यात भारताने कर्तव्यभंग केला नाही, असे ठरले. सरकारची बाजू खरी असेल तेव्हा ती जिवाची बाजी लावून लढवावी. खोटी असेल तेव्हा सांगावे. दोन्ही कामे एकाच माणसाची.

आणि सांगूनही ऐकले नाही तर? आणीबाणी जाहीर होताच अतिरिक्त सॉलिसिटर जनरल फली नरिमन यांनी राजीनामा दिला. तो मार्ग डे यांनाही मोकळा होता. पक्षकाराची बाजू मांडणे हा वकिलाचा धर्म, हा बचाव मला पटत नाही. खासगी वकिलाला तो शोभतो. घटनेने निर्माण केलेल्या पदाला नाही.

अडचण अशी, की डे आणि सेटलवाड आपल्याला दिसले ते सुनावणी उघड होती म्हणून. या पदाचे बाकीचे काम, म्हणजे लेखी सल्ला, बंद फायलीत राहते. हे कार्यालय माहिती अधिकाराखाली येते, असे दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०१५ मध्ये ठरवले. २०१७ मध्ये खंडपीठाने ते फिरवले. ब्रिटनमध्ये इराक युद्धाबाबत ॲटर्नी जनरल लॉर्ड गोल्डस्मिथ यांनी ७ मार्च २००३ रोजी दिलेला शंकांनी भरलेला सल्ला दोन वर्षांनी लोकांपुढे आला, तेव्हाच कळले की संसदेपुढे आलेले उत्तर त्याहून कितीतरी ठाम होते.

चालू खटल्यातला सल्ला गुप्त राहावा, हे मान्य. पण वीस वर्षांपूर्वीचा का? ठरावीक मुदतीनंतर ॲटर्नी जनरल आणि महाधिवक्ता यांचे सल्ले खुले करणारा कायदा संसदेने करावा. पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला हे जरूर विचारा.