हिप्पेॲस्ट्रम (ॲमरिलिस)

हिप्पेॲस्ट्रम ही ॲमरिलिडेसी कुलातील कंदवर्गीय वनस्पतींची प्रजाती असून तिचे मूलस्थान अमेरिका खंडाच्या उष्ण व उपोष्ण प्रदेशांत आहे. युरोप व उत्तर अमेरिकेत तिच्या संकरित वाणांचे मोठे कंद शरद ऋतूत कुंडीत लावून ऐन हिवाळ्यात घरात फुलवले जातात. बाजारात हे कंद ‘ॲमरिलिस’ या नावाने विकले जातात.

नाव

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हे बाजारी नाव चुकीचे आहे. ॲमरिलिस बेलाडोना ही दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रदेशातील वेगळी वनस्पती होय. लिनीअसने १७५३ मध्ये दिलेले ‘ॲमरिलिस’ हे नाव नेमके कोणाचे, यावर दीर्घकाळ वाद चालला. १९८७ मध्ये बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत तो आफ्रिकी वनस्पतीच्या बाजूने मिटला. हिप्पेॲस्ट्रम हे नाव विल्यम हर्बर्ट यांनी दिले असून ‘घोडेस्वार’ आणि ‘तारा’ या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून ते बनले आहे. या वनस्पतीचा पहिला ज्ञात संकर इंग्लंडमधील आर्थर जॉन्सन यांनी १७९९ मध्ये केला. ते व्यवसायाने घड्याळजी होते.

कंद आणि कळी

कंद कांद्याप्रमाणे पापुद्र्यांचा असतो. हे पापुद्रे म्हणजे पानांचे मांसल तळ होत. त्यांत अन्न साठते. साधारणपणे चार पानांमागे एक फुलोरा कंदाच्या गर्भात धरला जातो आणि बाहेर पडण्यापूर्वी तो वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ आतच वाढत राहतो. म्हणजे हिवाळ्यात दिसणारे फूल हे त्या हिवाळ्यातील मशागतीचे फळ नसून मागील हंगामातील पानांची कमाई असते. कंदाची किंमत त्याच्या घेरावर ठरते, ती याच कारणाने. सुमारे ३० सेंमीपेक्षा अधिक घेराच्या कंदातून बहुधा दोन, क्वचित तीन दांडे निघतात. प्रत्येक दांड्यावर दोन ते सहा फुले येतात.

लागवड

कुंडी कंदापेक्षा चार-पाच सेंमीच रुंद, पण जड असावी; फुलांच्या भाराने हलकी कुंडी कलंडते. कंदाचा वरचा एक तृतीयांश भाग मातीबाहेर ठेवतात. एकदा पाणी दिल्यावर कोंब दिसेपर्यंत हात आखडता घ्यावा, कारण मुळे फुटण्यापूर्वी कंद पाणी शोषू शकत नाही व कुजतो. सुमारे २० अंश सेल्सिअस तापमान व भरपूर उजेड मिळाल्यास सहा ते दहा आठवड्यांत फुले येतात. दांडा उजेडाकडे झुकतो, म्हणून कुंडी अधूनमधून फिरवावी. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असल्याने तेथील कंद आधी तयार होतात आणि नाताळापर्यंत फुलतात. नेदरलँड्समधील कंद बहुधा नव्या वर्षात फुलतात.

फुलोऱ्यानंतर

फुले सुकली की अनेक जण कंद फेकून देतात. वस्तुतः कंद अनेक वर्षे जगतो आणि त्याचे खरे काम तेव्हाच सुरू होते. केवळ दांडा कापावा. पाने राखून त्यांना ऊन, पाणी व खत द्यावे. उन्हाळाभर कुंडी बाहेर ठेवता येते. शरदाच्या सुरुवातीस पाणी तोडून कंद आठ ते दहा आठवडे १० ते १३ अंश तापमानात कोरडा ठेवतात. या विश्रांतीने कळी निर्माण होत नाही, ती आत असतेच. तिचा बाहेर येण्याचा काळ मात्र साधला जातो. पाने अशक्त राहिलेल्या कंदाला कितीही विश्रांती दिली तरी तो फुलत नाही.

अलीकडे मेणाचा लेप दिलेले, पाण्याविना फुलणारे कंद मिळतात. साठवलेल्या अन्नावर ते फुलतात, यात नवल नाही. परंतु त्यांचा मुळे फुटणारा तळ बहुधा कापलेला असल्याने ते एकदाच फुलून संपतात. शोभेची ही रीत कंदाच्या दृष्टीने उधळपट्टीच म्हणावी लागेल.

महाराष्ट्रात हा सारा खटाटोप लागत नाही. येथील बागांत हिप्पेॲस्ट्रम ‘लिली’ या सैल नावाने ओळखले जाते व उघड्या जमिनीत उन्हाळ्यात फुलते.

विषारीपणा

कंदात लायकोरिन हे अल्कलॉइड असते. तो खाल्ल्यास मळमळ व उलट्या होतात. मांजरे व कुत्री यांनाही तो बाधतो. दिसण्यात कांद्याशी साम्य असल्याने साठवणीतील कंद स्वयंपाकघरापासून दूर ठेवावेत.