थकवा वेगळा, नावड वेगळी

जनावरांच्या दवाखान्यात शिकाऊ म्हणून राबणाऱ्या मुलामुलींचा ताण घरच्यांनी कसा ओळखावा?

दहावीचा निकाल लागला की आपल्या सीमाभागातल्या घराघरांत तीच चर्चा सुरू होते. सायन्स की कॉमर्स, डिप्लोमा की आयटीआय? गेल्या काही वर्षांत या यादीत आणखी एक नाव ऐकू येऊ लागले आहे, पशुसंगोपन पदविकेचे. घरी चार म्हशी असतात, गावात डेअरी असते, मुलाला जनावरांची आवड असते. मग निर्णय सोपा वाटतो. प्रवेश होतो, पांढरा कोट शिवून होतो, त्यातला फोटो सगळ्या नातेवाइकांना जातो. आणि तीन-चार महिन्यांनी एका रात्री फोन येतो, "आई, मला हे नाही जमणार. मी घरी येतो."

असा फोन आलेली तीन घरे मला ठाऊक आहेत. त्या मुलांची थोरली भावंडे आमच्या कॉलेजात शिकत होती, म्हणून पालक सल्ल्याला आले. एका घराने मुलाला त्याच आठवड्यात परत आणले. दुसऱ्या घराने मुलीला "फी भरली आहे, आता मागे फिरायचे नाही" असे बजावले. तिसऱ्या घराने काहीच ठरवले नाही, मुलाला चार दिवस घरी बोलावले, पोटभर झोपू दिले आणि मग विचारले, "आता सांग, नेमके काय नको आहे?" तिघांपैकी हाच प्रश्न मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. कारण "मला जमणार नाही" या एका वाक्यात तीन-चार वेगवेगळी दुखणी दडलेली असतात आणि प्रत्येकाचे औषध वेगळे असते.

काम काय असते?

ब्रिटनमध्ये जनावरांच्या डॉक्टरांच्या सहायकांचे रीतसर प्रशिक्षण व नोंदणी १९६१ साली सुरू झाली आणि १९८४ पासून त्यांना 'व्हेटरनरी नर्स' हे नाव मिळाले. आपल्याकडे या नावाचा वेगळा नोंदणीकृत व्यवसाय नाही. ती कामे ड्रेसर, कंपाउंडर, पशुधन पर्यवेक्षक अशी वेगवेगळ्या नावांची माणसे करतात. महाराष्ट्रात हे शिक्षण नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या छत्राखाली चालते, कर्नाटकात बिदरच्या विद्यापीठाच्या.

शिकाऊ मुलाच्या वाट्याला येते ते असे: गाय खोड्यात घालणे, दोर टाकून बैल पाडणे, ताप मोजणे, किडे पडलेली जखम धुणे, सलाईनची बाटली तासभर हातात धरून उभे राहणे, अडलेल्या म्हशीपाशी रात्र काढणे. शिवाय दवाखाना झाडण्यापासून रजिस्टर भरण्यापर्यंत सगळे. घरच्या गाईला वैरण घालणे आणि अनोळखी, बिथरलेल्या, वेदनेने लाथा झाडणाऱ्या गाईजवळ जाणे यांत फार अंतर आहे. जनावरांची आवड हे अंतर निम्मेच तोडते. उरलेले सवयीने तुटते, आणि सवयीला महिने लागतात.

पहिले दुखणे: मरण

परदेशातल्या शिकाऊ नर्सना सर्वांत जड जाते ते असाध्य दुखणाईत कुत्र्या-मांजराला इंजेक्शन देऊन शांतपणे मरण देणे. आपल्या खेड्यांतल्या दवाखान्यात चित्र उलटे आहे. इथे गाईला मरण द्या असे सहसा कुणी म्हणत नाही. पण जनावर फार उशिरा आणले जाते. आधी घरचे उपाय, मग शेजाऱ्याचे, मग कुणाकडून तरी आणलेली सुई, आणि चौथ्या दिवशी टेम्पोत घालून दवाखाना. शिकाऊ मुलगा पाणी देतो, कूस बदलतो, रात्रभर जागतो आणि पहाटे गाय जाते. समोर शेतकऱ्याची बायको पदर डोळ्यांना लावून बसलेली असते. त्या गाईच्या दुधावर घर चालत असते, कर्जाचा हप्ता जात असतो. अठरा वर्षांच्या पोराला ते बघवत नाही. त्याला वाटते, आपलेच काही चुकले.

२०२२ साली लम्पी आला, कन्नडमध्ये ज्याला चर्मगंटु रोग म्हणतात तो. दोन्ही राज्यांत जनावरांचे बाजार बंद ठेवावे लागले, शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचली गेली. खानापूर भागातली जी मुलगी घरच्यांच्या धाकाने टिकली होती, तिचे पहिले वर्ष याच काळातले. ती सांगते, "रोज नवी गाय, अंगभर गाठी, आणि धनी विचारणार, जगेल ना? काय सांगायचे तेच कळायचे नाही." तिला आधार मिळाला तो दवाखान्यातल्या एका जुन्या ड्रेसरचा. ते रोज संध्याकाळी हात धुताना तिला दोनच गोष्टी विचारायचे: आज कुठले जनावर सुधारले आणि आज तू काय नवीन शिकलीस. मेलेल्या जनावराबद्दलही बोलणे व्हायचे. डॉक्टर कारण समजावून सांगायचे. कारण कळले की अपराधीपण कमी होते.

या कामात लवकर दिसणारे यशही आहे, ते मुलांना आवर्जून दाखवले पाहिजे. दुग्धज्वराचेच घ्या. नावात ज्वर असला तरी यात ताप नसतो. भरपूर दूध देणारी गाय व्याल्यावर एक-दोन दिवसांत खाली बसते, मान कुशीकडे वळवते, अंग गार पडते. डॉक्टर शिरेतून कॅल्शियम सावकाश सोडतात आणि पुष्कळदा तासा-दोन तासांत तीच गाय उठून उभी राहते. बाटली धरणाऱ्या पोराला त्या दिवशी जेवण गोड लागते.

दुसरे दुखणे: शरीर आणि भीती

रात्रीची जागरणे, वेळी-अवेळी जेवण, खोलीवर गेल्यावरही न जाणारा वास, मांडीवर बसलेली लाथ. यातून येणारा थकवा मनाचा वाटतो, पण असतो शरीराचा. त्या भरात "हे क्षेत्रच माझे नव्हे" असे वाटू लागते. म्हणून या निर्णयाला एक नियम लावावा: जागरणानंतर आणि जनावर दगावलेल्या दिवशी काहीही ठरवायचे नाही.

भीती मात्र खरी असते, तिची टिंगल करू नये. लाळ गाळणारी म्हैस आली की घशात काही अडकले असेल म्हणून तोंडात हात घालण्याचा मोह होतो. ती पिसाळलेली असू शकते. गाभ टाकलेल्या गाईचा जार हातमोजे न घालता काढला तर ब्रुसेलोसिस माणसाला होऊ शकतो. ताप, घाम, सांधेदुखी महिनोन्महिने छळतात. हे कळल्यावर मूल घाबरते, आणि घाबरावेच. उपाय आहेत. या कामात शिरतानाच रेबीजची आगाऊ लस घ्यावी. कुत्रे चावले, किंवा संशयित जनावराची लाळ जखमेला लागली, तर ती जागा साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन लगेच माणसांच्या दवाखान्यात जावे, मग आधी लस घेतलेली असली तरीही. पालकांनी फोनवर मार्कांच्या आधी हे विचारावे: लस घेतलीस का? लांब हातमोजे मिळतात का?

तिसरे दुखणे: मान

याबद्दल मुले घरी बोलत नाहीत. गावात "ढोरांचा कंपाउंडर" म्हणून हिणवले जाते. कन्नड शेजारी "दनद आस्पत्रे" म्हणून हसतात. वर्गमित्र इंजिनिअरिंगला गेलेले असतात. लग्नाच्या बाजारात तर विचारूच नका. शिवाय अनेक घरांत पदविका म्हणजे डॉक्टरकी असाच समज असतो. तो आधीच दूर करावा. पशुवैद्यक व्हायचे तर बारावी सायन्सनंतर पदवी घ्यावी लागते. वर्षभराची इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षे. ती वाट वेगळी, ही वेगळी.

भारतीय पशुवैद्यक परिषद कायदा १९८४ सालचा. त्याच्या कलम ३० प्रमाणे राज्य सरकारच्या परवानगीने पदविकाधारक फक्त किरकोळ सेवा देऊ शकतो, म्हणजे लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी आणि सरकार ठरवेल ते प्राथमिक उपचार. तेही नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली. मुलांना यात कमीपणा वाटतो. मी त्यांना उलट बाजू सांगते. निदान कुणाचे, औषध कुणी ठरवायचे हे कायद्यानेच स्पष्ट केले आहे. गाय वाचेल की नाही हा भार एकट्या तुझ्या खांद्यावर नाही. तुझे काम नीट पाहणे, नीट धरणे आणि दिसले ते डॉक्टरांना वेळेवर सांगणे.

गावात याचीच खरी परीक्षा होते. सुट्टीला घरी आलेल्या पोराला शेजारी गाठतो, "तूच दे की एक सुई, डॉक्टर कशाला?" कन्नडमध्ये तेच, "नीवे ओंदु सूजी माडरी." नाही म्हणावे तर नाते बिघडते, हो म्हणावे तर उद्या जनावर गेल्यावर बोल येतो. अशा वेळी घरच्यांनी पोराला पुढे करू नये. "तो शिकतोय अजून, १९६२ ला फोन करू या," असे वडिलांनीच म्हणावे. हा जनावरांच्या फिरत्या दवाखान्याचा टोल-फ्री क्रमांक आहे. बापाच्या एका वाक्याने पोराच्या मनावरचे निम्मे ओझे उतरते.

कसे ठरवावे?

तिसऱ्या घरातल्या मुलाने चार दिवस झोप काढल्यावर एक साधी वही केली. महिनाभर रोज तीन ओळी: आज कशाने त्रास झाला, आज काय बरे वाटले, किती तास झोपलो. महिन्याने वही वाचल्यावर त्याच्याच लक्षात आले की झोप सहा तासांच्या खाली गेली की प्रत्येक काम वाईट वाटते. पण झोप झालेल्या दिवशीही एक गोष्ट बदलत नव्हती. रक्त आणि जखमा पाहिल्या की त्याला गरगरायचे. उलट प्रयोगशाळेत शेणाची तपासणी करताना, सूक्ष्मदर्शकाखाली जंतांची अंडी शोधताना त्याला वेळेचे भान राहत नसे. त्याने वर्ष पूर्ण केले, मार्कलिस्ट हाती घेतली आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञानाकडे वळला. आज तो समाधानी आहे. त्याने सोडले, पण पळाला नाही.

विश्रांतीनंतर जातो तो थकवा. विश्रांती घेऊनही, चांगला शिकवणारा मिळूनही महिनोन्महिने उरते ती नावड. थकव्याला झोप, सुट्टी आणि सोबत लागते. नावडीला नवी दिशा लागते. पहिल्या घरातल्या मुलाला हा फरक पाहायला वेळच मिळाला नाही. तो आज दुकानात बसतो आणि गावात कुणाची गाय अडली की पहिला धावत जातो.

शिकवताना अपमान होत असेल, सगळ्यांसमोर शिव्या मिळत असतील, तर ती ना नावड ना थकवा. अशा वेळी जागा बदलून मिळते का ते पाहावे, शिक्षकांशी बोलावे. वाईट दवाखान्यावरून अख्ख्या व्यवसायाची किंमत करू नये.

आपल्या मुलांचे बळ

आपल्या भागातल्या मुलांकडे एक गोष्ट आयती आहे, दोन भाषा. जनावर बोलत नाही. त्याचे दुखणे धन्याच्या तोंडून काढावे लागते. "रवंथ करते का?" आणि "मेलुकु हाकतैतेनु?" हे दोन्ही सहज विचारता येणारे मूल दवाखान्यात सर्वांना हवे असते. लाळ-खुरकत म्हणजेच कालुबायी हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. निपाणी-चिकोडीपासून कोल्हापूर-सांगलीपर्यंत दूध संघ, लसीकरण, कृत्रिम रेतन यांत त्याला कामाची संधी आहे. निराश झालेल्या मुलाला हे आठवून द्यावे.

मदत कधी घ्यावी?

जेम्स हेरियट या टोपणनावाने जनावरांच्या डॉक्टरच्या गमतीजमती लिहून जगाला हसवणारे आल्फ्रेड वाइट (१९१६-१९९५) स्वतः मध्यंतरी खोल नैराश्यातून गेले होते, हे त्यांच्या मुलाने लिहिलेल्या चरित्रातून पुढे आले. तेव्हा हसरा दिसतो म्हणून ठीक आहे असे समजू नये. दोन आठवडे झोप उडाली, जेवण तुटले, फोन घेणे बंद झाले, "मी नसलो तर बरे" असे शब्द आले, तर वाट पाहू नये. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक केंद्र सरकारने २०२२ साली सुरू केला. तो विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत व कन्नडमध्येही बोलता येते. धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आपल्यापासून फार दूर नाही. तिथे जाण्यात लाज नाही.

कार हुण्णिमेला, म्हणजे आपल्या कर्नाटकी बेंदराला, आपण बैलांना ओवाळतो, पुरणपोळी भरवतो. त्याच दिवशी दवाखान्यात ड्यूटीवर असलेल्या आपल्या मुलीला फोन करून इतकेच विचारावे: जेवलीस का, झोप झाली का, आज कुठली गाय उठली? शिकायचे की सोडायचे, हे सत्र संपल्यावर, दिवसाउजेडी, वही समोर ठेवून ठरवता येईल.